'बे.'ची बाटली

रसायनांच्या बाबतीत अख्ख्या नगर जिल्ह्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी त्रेचाळीस सालापर्यंत छातीठोकपणे सांगत असे! भिंगारच्या आमच्या शाळेत मी शास्त्र शिकवायचो. आठ वर्षांत एक बोट भाजलं नाही, एक नळी फुटली नाही! पोरांना माझा पहिला धडा ठरलेला: "पांढरी भुकटी दिसली की जीभ लावायची नाही. मीठही पांढरं आणि मरणही पांढरं!"

लढाईमुळे कागद मिळेना, म्हणून मी बाटल्यांवर नखाएवढ्या चिठ्ठ्या लावल्या. 'सो.', 'पो.', 'बे.' बस! हेडमास्तर शलमोनसाहेब म्हणाले, "दानीएल मास्तर, पुरी नावं लिहा हो."

"साहेब, मला पाठ आहेत ना!"

अशात मॅट्रिकच्या शास्त्राला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला इन्स्पेक्टर यज्ञेश्वरपंत आले. मान्यता नाही तर शास्त्र नाही, आणि शास्त्र नाही तर मी तरी कशाला? चिठ्ठ्यांकडे त्यांची नजर जायच्या आत मी त्यांना शाळेमागच्या माझ्या घरी चहाला ओढत नेलं. हेडमास्तर बरोबर होतेच.

"पंत, आम्हा ख्रिस्ती लोकांकडचं चालेल ना?"

"न चालायला काय झालं? मी तसलं काही पाळत नाही!" मग हळूच म्हणाले, "फक्त आमच्या घरी कळू देऊ नका."

माझ्या बायकोनं, मरियानं, कांदाभजी तळली होती. पंतांनी सात खाल्ली, हेडमास्तरांनी पाच, मी तीन. आणखी आणायला मी आत गेलो.

"मरिया, काय टम्म फुगलीत गं! बाजारात तर सोड्याचा खडा मिळत नाही. कुठनं आणलास?"

"तुमच्याच प्रयोगशाळेतनं! डबा द्यायला आले होते ना, तेव्हा बाटली बघून ठेवली होती. आज पुंजाराम शिपायाला म्हटलं, कोपऱ्यातल्या त्या 'बे.'च्या बाटलीतला सोडा दे चमचाभर. त्यानं पुडी आणून दिली."

"'बे.'? अगं, 'बे.' म्हणजे काय?"

"बेकिंग सोडा! मिशन बंगल्यावर मडमेनं केक शिकवला तेव्हापासून मला पाठ आहे!"

माझ्या हातातली ताटली खाली पडली. 'बे.' म्हणजे बेरियम क्लोराइड! चमचाभरात तीन माणसं आडवी होतील असलं जहर! घरी कळू न देता जेवणारा माणूस माझ्या ओट्यावर मरणार, आणि मी फासावर जाणार! पण फासावर जायला मी तरी कुठं उरत होतो? तीन मीही खाल्ली होती!

तेवढ्यात बाहेरून पंत म्हणाले, "मास्तर, जिभेला मुंग्या आल्यासारखं होतंय हो!"

देवबापा! बेरियमचं पहिलं लक्षण!

जवळचे डॉक्टर लष्करात गेलेले. पण उतारा मला पाठ होता. विलायती मीठ! ते घेतलं की पोटातलं बेरियम विरघळायचं थांबतं आणि मुकाट्यानं बाहेर जातं. कसं जातं, हे जुलाबाला विलायती मीठ घेणाऱ्यांना सांगायला नको. डबा घरात होताच. तीन पेल्यांत लिंबू पिळलं, गूळ घातला आणि वर मूठ मूठ मीठ!

"पंत, सरबत घ्या."

पंतांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडूजहर आहे हो!"

'जहर' ऐकून मला घाम फुटला. "लिंबाच्या बिया चिरडल्या गेल्या. प्या, पंत! पाहुण्यानं सरबत टाकलं तर आमच्यात अपशकुन मानतात!"

"आपल्यात?" हेडमास्तर म्हणाले. "कधीपासून?"

मी त्यांचा पाय दाबला. माझा पेला एका दमात संपवला. शेवटी भिडेपोटी दोघांनीही प्यायलं.

मग मी पंतांच्या तोंडाकडे बघत बसलो. त्यांची पापणी लवली तरी माझ्या छातीत धस्स व्हायचं. खरं सांगतो, इतका मी जन्मात कधी भ्यालो नव्हतो. मनात एकच धावा: देवबापा, मान्यता नको देऊस, पण या भल्या माणसाला वाचव!

तासाभरानं पंत ताडकन उठले. "मास्तर, इकडे... कुठं?"

कंपाउंडात आम्हा सगळ्यांचा मिळून संडास एकच. पंत गेले, आले, पुन्हा गेले. तिसऱ्यांदा पांढरेफटक होऊन परतले, तेव्हा माझा धीर सुटला. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

पंत मात्र शांत. ते स्वतः रसायनाचे बीएस्सी. "मास्तर, भजी फुगली होती ना?"

"टम्म!"

"बेरियम क्लोराइडनं भजी फुगतात का हो?"

मी हाका मारून पुंजारामाला बोलावलं.

"पुंजाराम, बाईंना त्या बाटलीतलं दिलंस?"

"आवो, त्या बाटलीला हात लावीन व्हय म्या? तुमीच म्हनला हुता, लई जहर हाय. मला कुटं वाचाया येतंय? म्हनून जहराच्या समद्या बाटल्यास्नी लाल चिंधी बांदलीया. बाईस्नी माज्या घरचा सोडा दिला."

आठ वर्षं त्या चिंध्या मी बाटल्या पुसायच्या समजत होतो!

"मग बोलला का नाहीस?"

"सोडा मागितला, सोडा दिला. त्यात काय बोलायचं?"

"आणि माझ्या जिभेच्या मुंग्या?" पंतांनी विचारलं.

आतून मरिया म्हणाली, "मिरच्या गावरान आहेत, साहेब!"

पंतांनी शेरेबुक मागवलं, उभ्यानंच चार ओळी लिहिल्या आणि टांग्यात बसून घाईघाईनं निघून गेले. तो शेरा हेडमास्तरांनी मला दाराबाहेरून मोठ्यानं वाचून दाखवला, कारण मी आत होतो.

"'शास्त्राच्या वर्गाला मान्यता देण्यात येत आहे. मात्र प्रयोगशाळेची किल्ली शिपाई पुंजाराम यांच्याकडेच राहावी.' ऐकलंत ना, मास्तर? आता उठा! माझा नंबर आहे!"