टेम्पोतला क्लॅरिनेट

आमच्या गल्लीत एक माणूस भर उन्हात टेम्पोच्या काचा लावून आत बसतो आणि क्लॅरिनेट वाजवतो. राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून लोक भांडतात, या माणसाला वाजवायला जागा मिळत नाही म्हणून तो गाडीत बसतो. बाहेरून आवाज जवळजवळ येत नाही. दिसतात ते फक्त फुगलेले गाल, वटारलेले डोळे आणि कपाळावरून वाहणारा घाम. नवख्याला वाटतं, आत कोणीतरी गुदमरतंय.

या माणसाचं नाव बबन चौगुले. वय सेहेचाळीस, अविवाहित, मूळचा गडमुडशिंगीचा. धंदा म्हणाल तर फर्निचरच्या दुकानांतून कपाटं आणि सोफे लोकांच्या घरी पोचवण्याचा. पण हे त्याला सांगितलेलं आवडत नाही. टेम्पोच्या मागच्या फळीवर त्यानं ठसठशीत अक्षरांत रंगवून घेतलंय, ‘क्लॅरिनेटवादक बबन चौगुले’. पेंटरनं त्याच्याखाली सवयीनं ‘भाड्याने मिळेल’ असंही लिहून टाकलं. नेमकं काय भाड्यानं मिळेल, असं विचारणारे फोन त्याला अजून येतात. पुसून टाक की ते, असं मी एकदा म्हणालो. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे सर. दोन्ही खरं हाय.”

आमच्या इमारतीत तळमजल्याला त्याची एक खोली आहे आणि त्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, माझा फिजिक्सचा क्लास. त्याला त्या खोलीतून टेम्पोत घालवणारा माणूस मीच. हे आधीच कबूल केलेलं बरं.

झालं असं, की मी बारावीच्या मुलांना न्यूटनचा तिसरा नियम शिकवत होतो आणि खालून एकच स्वर येत होता. एकच. वीस मिनिटं. मुलं आधी हसली, मग डुलायला लागली, शेवटी मीही वाक्याच्या शेवटी त्याच स्वरावर येऊन थांबायला लागलो. मी खाली गेलो आणि जरा चढ्या आवाजातच म्हणालो, की रोज तेच तेच काय वाजवता. बबननं शांतपणे क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.

“सर, तुमी धा वर्षं त्योच न्यूटन शिकवताय. मी कधी वर येऊन काय म्हणलोय का?”

मी वर येऊन तोच न्यूटन पुढं चालू केला. पण पालकांच्या तक्रारी होत्या. मग इमारतीतल्या डॉक्टरांच्या झाल्या, शेजारच्या ब्यूटी पार्लरच्या झाल्या. सगळ्यांनी मिळून त्याला समजावलं, की आता वय झालं, हे बंद करा. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी दोनच शब्द बोलायचा. “वाजवणारच की.” हे त्याचं कुठल्याही प्रश्नावरचं उत्तर होतं. पोलिसांनी विचारलं तरी हेच आणि देवळाच्या ट्रस्टींनी विचारलं तरी हेच. दुसऱ्या दिवसापासून तो टेम्पोत बसायला लागला.

त्याआधी तो गावाकडे, भावाच्या गोठ्यात वाजवायचा. तिथं वहिनीनं तक्रार केली की म्हैस दूध कमी देते. बबनचं म्हणणं, म्हैस चाऱ्यावर नाराज होती. त्यानं चार दिवस न वाजवता बघितलं, म्हशीनं दूध तेवढंच दिलं. तरी वहिनी ऐकेना. “म्हशीला सूर कळतोय, माणसाला पटवायचं अवघड हाय,” असं म्हणून तो शहरात आला. इथं माणसंच माणसं.

टेम्पोतल्या पहिल्या उन्हाळ्यात तर कमालच झाली. त्या दिवशी त्याला जागा मिळाली ती एका हृदयरोगाच्या दवाखान्यासमोर. आतून कंपाउंडरनं बघितलं, ड्रायव्हर सीटवर एक माणूस, तोंड लाल, डोळे बाहेर, शर्ट भिजलेला. क्लॅरिनेट स्टेअरिंगच्या आड असल्यामुळे दिसलं नाही. दोन मिनिटांत डॉक्टर, दोन नर्सा आणि स्ट्रेचर टेम्पोपाशी. डॉक्टर काच बडवायला लागले. बबननं एक बोट वर करून त्यांना थांबायची खूण केली, हातातली तान पुरी केली, काच खाली घेतली आणि विचारलं, “काय पाहिजे पावणं?”

डॉक्टर चिकाटीचे. आलोच आहोत तर म्हणून त्यांनी त्याचा रक्तदाब मोजला. तो निघाला वाढलेला. त्यांनी फुंकायचं बंद करा म्हणून सांगितलं. बबन काय म्हणाला ते आता तुम्हाला माहीत आहे.

त्याच्या या हट्टाला मी बरेच दिवस हसलो. मग एकदा क्लासची बाकं हलवायला त्याचा टेम्पो बोलावला आणि वाटेत त्यानं आपण होऊन सांगितलं, की तो आधी बँडमध्ये होता. कुरुंदवाडला एक बँडमास्तर होते, आप्पा मास्तर. गावोगावच्या लग्नांत लाल कोट घालून वाजवणारा त्यांचा बँड. बबन सोळाव्या वर्षी त्यांच्याकडे गेला. वरातीत सगळे बँडवाले वाजवतात तेच मास्तर वाजवायचे, पण घरी गेल्यावर ओसरीवर बसून पोरांना राग शिकवायचे. कुणाकडून शिकले होते कुणास ठाऊक. बबनला त्यांनी वीस वर्षं शिकवलं. वरातीत मात्र ते चालणार नाही, ही त्यांची ताकीद होती.

एका लग्नात नवरदेवाचा घोडा यायला उशीर झाला. दिवस मावळायला आलेला, बँड मांडवाबाहेर उभा, नाचणारे अजून तयार व्हायचे होते. बबननं क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि मारवा राग सुरू केला. घोडा आला, नवरदेव चढला, करवल्या ताटकळल्या, तरी हा थांबेना. शेवटी मास्तरांनी चारचौघांत त्याच्या हातातून क्लॅरिनेट खाली ओढलं आणि विचारलं, लग्नात लोकांनी नाचायचं का रडायचं. बबननं लाल कोट काढला, नीट घडी केली, ढोलावर ठेवला आणि चालत गावी गेला. नंतर त्याच्या कानावर आलं, की मास्तर म्हणाले, बबन्याला आमची लाज वाटायला लागली.

हे सांगताना त्याचा आवाज जराही हलला नाही. नऊ वर्षं झाली त्याला, असं म्हणाला आणि बाकं उतरवायला लागला.

राजारामपुरीत आल्यापासून त्याचं एकच चाललेलं. शहरात एक संगीत मंडळ आहे, महिन्याला एक बैठक करतं. बबन प्रत्येक बैठकीला जायचा, शेवटच्या रांगेत बसायचा आणि संपल्यावर मंडळाच्या सचिवांना गाठून म्हणायचा, मला धा मिंटं द्या. सचिव निवृत्त अधिकारी, बोलायला गोड. ते म्हणायचे, क्लॅरिनेट हे बैठकीचं वाद्य नाही, मैदानी वाद्य आहे. बबन म्हणायचा, मग मैदानात घ्या की बैठक. सचिव हसायचे आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणायचे. तीन वर्षं हे पुढच्या महिन्यात बघणं चाललं. बँडवाल्यांना तो शास्त्रीयवाला वाटायचा आणि शास्त्रीयवाल्यांना बँडवाला.

मग एक दिवस सचिवांचाच फोन आला. पुण्याहून मोठे गायक येणार होते. त्यांच्या स्वागताला फाटकापाशी दोन मिनिटं काहीतरी मंगल वाजवायचं, फेटा मंडळ देईल. मला राग आला. आत दहा मिनिटं द्यायला यांना जमत नाही आणि फाटकावर उभं करतायत. मी बबनला म्हणालो, अजिबात जायचं नाही. बबन क्लॅरिनेटचे सांधे पुसत होता.

“जाणार. बोलावलंय की.”

त्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. बबन पांढऱ्या शर्टात फाटकाच्या एका बाजूला उभा. फेटा कुठं आहे, असं एका कार्यकर्त्यानं विचारलं, तर त्यानं शेजारच्या गुलमोहराकडे बोट केलं. फेटा फांदीला बांधलेला होता. सचिव हार घेऊन उभे, सुवासिनी ओवाळायला उभ्या. सूर्य कलला होता. गाडी येऊन थांबली, गायक उतरले आणि बबननं मारवा धरला.

आता मारवा म्हणजे स्वागताला वाजवायचा राग नव्हे. माणूस घरी परत यायची वाट बघावी आणि तो येऊ नये, असं काहीतरी त्यात आहे. मला फिजिक्सवाल्याला रागातलं काही कळत नाही, पण निरांजन धरलेली बाई हात तसाच ठेवून उभी राहिली, हे मी बघितलं. मी फोन काढून ते चित्रित करायला लागलो. गायक हात मागे बांधून ऐकत होते. दोन मिनिटं झाली, पाच झाली. सचिवांनी जवळ जाऊन हळूच आटपा म्हणून सांगितलं. बबनचे डोळे मिटलेले. त्यांनी दंडाला हात लावला. बबन हातभर सरकला आणि वाजवत राहिला.

शेवटी गायकांनी बबनकडे बघून हात जोडले आणि आत गेले. ते दाद म्हणून की सुटका म्हणून, मला सांगता येणार नाही. मागोमाग मंडळी गेली आणि सचिवांनी फाटक लावून घेतलं. फाटकाबाहेर उरलो आम्ही. एक भडंगवाला, तीन रिक्षावाले, भाजीची पिशवी घेतलेल्या दोघी, आणि आत जायचं सोडून थांबलेले पाच-सहा जण. आतून तंबोरे जुळवल्याचा आवाज यायला लागला. बाहेर बबन. तो चांगला अर्धा तास वाजवत होता आणि एकही माणूस हलला नाही. संपल्यावर ते संपलंय हेच कुणाला कळलं नाही. त्यानं तोंडातून क्लॅरिनेट काढलं, शर्टाच्या बाहीनं ओठ पुसला, तेव्हा भडंगवाल्यानं पहिली टाळी वाजवली.

बबन माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, झाला कार्यक्रम.”

सचिवांनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, की यापुढं आपण मंडळात नाही आलात तरी चालेल. बबन पुढच्या महिन्यात गेला. रीतसर तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसला आणि संपल्यावर सचिवांना गाठून धा मिंटं मागितली. ते काय म्हणाले ते त्यानं सांगितलं नाही, पण येताना खूश दिसला.

मी केलेलं चित्रण क्लासच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठं कुठं गेलं. बबनला त्याचं काही नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी तो पहिल्यांदाच माझ्या क्लासमध्ये वर आला. मुलं गेली होती, मी पेपर तपासत होतो. दारातच उभा राहून त्यानं विचारलं, की रविवारी मोकळे आहात का. कुरुंदवाडला जायचं होतं. मला वाटलं, कपाट पोचवायचं असेल. पण रविवारी टेम्पो रिकामाच होता.  कुरुंदवाडात एका बोळाच्या तोंडाशी त्यानं टेम्पो उभा केला आणि इंजिन बंद करून स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. पोलिसांना न घाबरलेला हा माणूस दाराला हात लावेना.

“सर, तुमी पुढं व्हा. मास्तरांना इचारा, बबन आलाय, येऊ दे का म्हणून. नको म्हणले तर हितनंच माघारी जाऊ.”

मी गेलो. ओसरीवर पातळ चादर गुंडाळून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तोंडात दात नव्हते, म्हणजे वाजवणंही कधीच सुटलेलं. मी कोण, कुठला, ते सांगितलं आणि बबनचा निरोप दिला. त्यांनी अंगावरची चादर नीट केली. मग आत बघून सुनेला म्हणाले, चहा टाक, तिघांचा.

बबन आला. दाराशी चप्पल काढली, पाया पडला आणि ओसरीच्या पायरीवर, खाली बसला. मास्तरांनी तब्येत विचारली नाही, लग्न केलंस का विचारलं नाही. बबन खाली मान घालून एवढंच म्हणाला, की मला बँडची लाज कधीच वाटली नव्हती.  मास्तरांनी सुनेला हाक मारून फोन मागवला. त्यावर माझंच चित्रण होतं. सुनेनं सांगितलं, आठवडाभर रोज ऐकतायत, घरात दुसरं काही लावू देत नाहीत.

मास्तरांनी ते लावायला सांगितलं, फोन कानाशी धरला आणि एका ठिकाणी हात वर केला.

“हितं. हितनं पुढं तुझा ओठ ढिला पडतोय. रिषभ उतरलाय. मारव्याचा रिषभ एवढा खाली न्हाय, मी सांगितलं हुतं का न्हाय?”

“व्हय, मास्तर.”

“आणि घाई करतुयास. कोण मागं लागलंय तुझ्या?”

“व्हय, मास्तर.”

असं तासभर चाललं. मास्तर एकेक जागा काढून दाखवत होते आणि बबन प्रत्येकीला मान हलवत होता. चहा दोनदा झाला. वाजवून दाखव असं मास्तर म्हणाले नाहीत आणि यानंही क्लॅरिनेट काढलं नाही. निघताना मास्तरांनी फक्त पुढच्या ऐतवारी सकाळी ये, असं सांगितलं.

परत येताना नदीच्या पुलाच्या अलीकडे बबननं टेम्पो बाजूला घेतला. मला वाटलं, चहा प्यायचा असेल. तो उतरला नाही. समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाला, “सर, नऊ वर्षं लोक मला म्हणत्यात, बंद कर. वाईट वाजतंय म्हणणारे पण लई भेटले. पर कुठं चुकतुयास, हे कुणी सांगितलं न्हवतं.”

 त्यानं बाहीनं तोंड पुसलं, उगाच आरसा नीट केला आणि गिअर टाकला.