खांबेट्यांचा कायमचा पत्ता

तोक्योजवळच्या आमच्या ग्योतोकुच्या इमारतीत कचऱ्याचा कोपरा सांभाळायची पाळी प्रत्येक घराला येते. कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून जाळी पसरायची आणि गाडी कचरा घेऊन गेली की जागा धुऊन काढायची, एवढंच काम. हे काम करायला मिलिंद खांबेटे पाचशे किलोमीटर गाडी हाकत यायचे. खरं तर पाळी आमची. पण आमच्या पत्त्यावर त्यांचंही नाव नोंदलेलं होतं, आणि "नाव इथे, तर झाडूही इथे" असा त्यांचा खाक्या होता.

येताना ते स्वतःचा कचराही घेऊन येत. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, सगळ्या पिशव्या वेगवेगळ्या. वाटेत कुठे टाकत का नाही, असं मी एकदा विचारलं, तर मी दरोडा घालायला सुचवल्यासारखे बघत राहिले.

"वहिनी, ज्या गावाला आपण कर भरत नाही, त्या गावाने आपली केळ्याची सालं का उचलावी?"

खांबेटे म्हणजे माझ्या नवऱ्याचे, शिरीषचे सहकारी. आयटीवाले विमानं भरभरून तोक्योला येत होते, त्या लाटेत दोघं पुण्याहून एकदमच आले. आम्ही ग्योतोकुला बिऱ्हाड केलं, खांबेट्यांनी एका जपानी मुलीशी लग्न केलं. सात वर्षांनी ते मोडलं. इथे तेव्हा घटस्फोट झाला की मूल एकाच पालकाचं होऊन जायचं. त्यांची रिना आईची झाली, आणि आई तिला घेऊन क्योतोच्या उत्तरेला, डोंगरातल्या आपल्या माहेरी गेली. खांबेट्यांच्या वाट्याला महिन्यातला एक रविवार आला. सकाळी दहा ते दुपारी चार.

त्या सहा तासांसाठी त्यांनी तोक्योतलं घर सोडलं आणि कंपनीकडून तिकडची कामं मागून घेतली. पण काम दर आठवड्याला नव्या कारखान्यात, आणि रिनाच्या गावात एकट्या परदेशी माणसाला घर द्यायला कोणी तयार होईना. मग त्यांनी एक जुनी कॅम्पिंगची गाडी घेतली आणि तिच्यातच राहायला लागले.

आता जपानात गाडी घ्यायची, तर ती उभी करायची जागा आधी पोलिसांना दाखवावी लागते. तीही घरापासून दोन किलोमीटरच्या आत. म्हणजे गाडीत राहायचं तर आधी घर पाहिजे! खांबेट्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यांनी आमचा पत्ता मागितला, आमच्या इमारतीखालची जागा भाड्याने घेतली, जिन्यापासून टेप लावून अंतर मोजलं आणि अर्जात लिहिलं, अकरा मीटर. पत्ता खोटा पडू नये म्हणून पाळीच्या वेळी ते आमच्या हॉलमध्ये चटई टाकून झोपायचे. खाली गाडीत मऊ गादी असताना.

"नियमात बसतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. नियमांची एक जाड फाईल कायम काखोटीला असायची. रस्त्याकडेच्या विश्रांतीच्या थांब्यांवर ते गाडी लावायचे. तिथे विश्रांतीला परवानगी असते, मुक्कामाला नसते.

"आणि रात्रभर झोपलात तर?" शिरीषने विचारलं.

"ती गाढ विश्रांती. बाहेर खुर्ची मांडली की मुक्काम. मी खुर्ची मांडत नाही. नियमात बसतं."

दर दोन वर्षांनी गाडीची सरकारी तपासणी असते. झोपायच्या फळ्या किती लांब, पाण्याचा डबा किती लिटरचा, सगळं मोजतात. मोरीपुढे माणसाला उभं राहायला एकशे साठ सेंटीमीटर उंची लागते. खांबेटे सहा फुटी. त्यामुळे भांडी घासताना त्यांची मान कायम वाकडी.

"सरकारने एकशे साठ दिलेत, वहिनी. मीच जास्त वाढलो."

रिना दुसरीत गेली तेव्हा त्यांनी कुटुंब न्यायालयात अर्ज केला. महिन्यातून एक रात्र मुलीला माझ्याकडे राहू द्या. एकच रात्र. अर्ज केल्यापासून त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं. फोनवर मला विचारायचे, लहान मुलींना झोपताना दिवा लागतो का, केसांचा गुंता न रडवता कसा काढायचा.

वडिलांचं घर बघायला कोर्टाच्या तपासनीस बाई येणार, असं पत्र आमच्या पत्त्यावर आलं आणि मी कंबर कसली. माझ्या मुलाची, ओंकारची खोली रिकामी केली. त्याने जपानीत कुरकुर केली, मी मराठीत गप्प केलं. खांबेट्यांचे सदरे कपाटात टांगले. कोपऱ्यात एक छोटी गादी घातली, तिच्यावर सशांची चादर. खोटेपणा करायचा तर नीट करावा, अशा मताची मी आहे.

बाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. मी दार उघडून म्हटलं, "ही खांबेटे-सानची खोली." त्यांनी चादरीवरून हात फिरवला, वहीत काहीतरी लिहिलं. सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात मागून खांबेटे अगदी अदबीने म्हणाले,

"ही खोली या घरच्या मुलाची आहे. माझं नाव इथे आहे, पण मी खाली गाडीत राहतो. चला, दाखवतो."

त्यांचीच फाईल त्यांच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं.

बाई अर्धा तास गाडीत होत्या. मी खिडकीतून बघत होते. एकदा खांबेट्यांची वाकडी मान दिसली, चहा करत असावेत. उतरल्यावर बाईंनी त्यांना कमरेत पार खाली वाकून नमस्कार केला. इथे कोणी इतकं खाली वाकलं की समजावं, बातमी चांगली नाही.

निकाल तसाच आला. वडिलांच्या मायेबद्दल शंका नाही, पण राहायला पक्कं घर नसल्यामुळे रात्रीचा मुक्काम मुलीच्या हिताचा नाही. दहा ते चार चालू राहील.

पुढच्या पाळीला खांबेटे शनिवारी आले, कोपरा धुतला, आणि रात्री जेवायला बसले. मी आमटी वाढली आणि तोंड सोडलं.

"भावजी, एक वाक्य गिळलं असतंत तर उद्या रात्री पोर तुमच्याजवळ झोपली असती! एवढं खरं बोललात ते कोणासाठी? कोर्टासाठी?"

खांबेट्यांचा हात पानावरच थांबला.

"रिनाला शाळेत निबंध होता, वहिनी. माझे बाबा. तिने लिहिलं, माझे बाबा गाडीत राहतात. वर्ग हसला. शिक्षिका म्हणाली, असं कोणी राहत नाही, खरं लिहून आण. दुसऱ्या दिवशी तिने परत तेच लिहून नेलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "कोर्टाचा कागद तिच्या आईकडे जातो. मोठी झाली की ती वाचेल. त्यात बाबा ग्योतोकुला राहतात असं असतं, तर खोटं कोण ठरलं असतं? एवढीशी पोर सगळ्या वर्गापुढे माझ्यासाठी एकटी उभी राहिली. मी नको तिच्या बाजूने उभं राहायला?"

मी भात पुढे केला. ते नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिनाकडे पोचायचं तर लगेच निघायला हवं होतं.

शिरीष त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत गेला. "मग त्या निबंधाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"तिसऱ्यांदाही तेच लिहिलं," खांबेटे म्हणाले. "मग घेतला शिक्षिकेने."

आणि तोंड फिरवून भराभर खाली उतरले.