आपल्या दारातली चाल

मूर्तिजापुरात स्वतःची चाल काढणारा पहिला बँड आमचाच. बाकीचे बँड सिनेमा लागला की त्यातलं गाणं उचलतात. आमचा बँड सहा महिन्यांचा, माणसं पाच, पण चाल स्वतःची! क्लॅरिनेटवर ती मी बसवली. ढोलवाल्या धर्मपालनं ऐकली आणि म्हणाला, आता अकोल्याचे बँडवाले ढोलात ज्वारी भरून ठेवतील.

चाल पहिल्यांदा कुठं वाजवायची हे माझं ठरलेलं होतं. माझी बायको इंदूबाई मागच्या चैत्रात गेली. मी दुसऱ्यांच्या बँडात वाजवायचो तेव्हा ती नेहमी म्हणायची, "साऱ्या जगाच्या दारात वाजवता, आपल्या दारात कधी वाजवसान?" म्हणून पहिला मान आपल्या दाराला, वर्ष पुरं होईल त्या दिवशी. तोवर कोणाला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. चूक तिथंच झाली.

बँडनं पांढऱ्या कपड्यांत वाजवायचं होतं. चौघांकडे छप्पन सालच्या दीक्षेचे पांढरे कपडे होते. माझे फाटले होते, म्हणून मी एकट्यानं नवे शिवायला टाकले. आमच्यात आता लग्नाला नवरा पांढरंच घालतो हे मला माहीत होतं. पण पंचेचाळिशीच्या वाजवणाऱ्याला नवरा कोण समजेल?

शिंप्यानं विचारलं, कशासाठी? मी म्हणालो, कार्यक्रम आहे, बोभाटा करू नको. मग घराला चुना मारला. शेजारच्या पार्बताबाईला पन्नास माणसांचा शिरा करायला सांगितला. तिनं कारण विचारलं, तर म्हणालो, गुरुवारी समजेल. ती तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवसापासून गल्लीतल्या बाया मला पाहून गप्प व्हायच्या. मला वाटलं, माझ्या दुःखाचा मान ठेवतात.

गुरुवारी सकाळी स्टेशनापासून जुनी गाणी वाजवत आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी तोरण! माझ्या दारात टेबल, टेबलावर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढं दोन खुर्च्या, दोन हार. लग्न लावणारे बौद्धाचार्य पुस्तक उघडून तयार. माणसं दोनशे तरी असतील.

पार्बताबाई माझ्या कानाशी आली. "नवरी कुठी हाय जी? मागच्या दारानं आणता काय?"

"कोणाची नवरी?"

"आता लाजता काहून, पुंजाजी? कपडे तं शिवले."

धर्मपालनं ढोल खाली ठेवला. "मलेबी नाही सांगितलं तुनं," म्हणाला, आणि खरंच रुसला.

तेवढ्यात माझ्याच घरातून चतुराबाई बाहेर आली. इंदूची थोरली बहीण. बातमी तेल्हाऱ्याला पोचली होती आणि ती पहिल्या मोटारीनं आली होती. हातात उलथनं.

"वर्ष झालं तं, जवाई," ती म्हणाली. "एखादा दिवस वर जाऊ द्याचा होता. माह्या बहिणीले पुसून टाकाले पाच माणसं लागले तुमाले?"

मला बोलता येत नाही. वाजवता येतं. मी क्लॅरिनेट तोंडाला लावली. दोन सूर लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब. धर्मपालनं रुसल्या तोंडानंच ढोल उचलला आणि हळूच ठेका धरला. चतुराबाईचं उलथनं खाली आलं.

"हे तं इंदी जेवाले बलावे, तसं हाय," ती म्हणाली.

"तेच हाय, बाई. आवाज इसरून चाललो होतो तिचा. म्हणून बसवला."

ती उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "अजून एक डाव वाजवा."

आम्ही चार डाव वाजवली. मग शिरा वाटला. एक हार इंदूच्या फोटोला घातला. दुसरा उरला, तो धर्मपालनं ढोलाला घातला आणि त्याचा रुसवा गेला.

चाल गाजली. शेंदूरजनाघाटहून लग्नाचं बोलावणं आलं. तिथं नवरा मांडवात उभा राहिला आणि आम्ही मोठ्या ऐटीत चाल सुरू केली. काय होतं त्या सुरात कोण जाणे, अर्धं वऱ्हाड उठलं आणि पंगतीला जाऊन बसलं! लग्न राहिलं बाजूला. नवरीचा बाप तणतणत बँडवाल्याला शोधत आला. त्याला मी सापडलो पंगतीत, पहिल्या रांगेत हात धुऊन बसलेला.