एक पंख, दोन पंखे

उल्हासनं गॅरेजचं दार वर केलं. विमान जागेवर नव्हतं. कोपऱ्यात स्टँडवरचे दोन मोठे पंखे तेवढे माना खाली घालून उभे होते.

चोर काय, मिशिगनमध्येही असतात. पण सायकलचं सीट, पॅडल, ॲल्युमिनियमच्या नळ्या आणि थंडीत खिडक्यांना लावायचं प्लास्टिक एवढ्यातून झालेलं विमान पळवणारा चोर त्यांच्या ट्रॉय गावात अजून जन्माला यायचा होता. माणसानं पॅडल मारायचं, विमानानं पंख फडफडवायचे आणि दोघांनी मिळून उडायचं, अशी उल्हासची सरळ कल्पना. कंपनीत तो गाड्यांचे वायपर डिझाइन करायचा. वायपरला जे जमतं ते पंखाला का जमू नये, असं २००४ साली त्याच्या मनात आलं आणि तेव्हापासून त्याच्या बायकोची, नंदाची, गाडी उघड्यावर आली. तिनं दोन हिवाळे काचेवरचा बर्फ खरवडला. प्लास्टिक ताणून बसवायला स्वतःचा हेअर ड्रायरही दिला. यंदा मात्र तिनं निर्वाणीचं सांगितलं होतं.

"या रविवारपर्यंत चाकं जमिनीवरून उचललेली मला माझ्या डोळ्यांनी दिसली पाहिजेत. नाहीतर सोमवारी तुझं विमान कचऱ्याच्या ट्रकमध्ये आणि माझी गाडी गॅरेजमध्ये!"

आज शनिवार होता. नंदा शाळेच्या हॉलवर, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या तयारीत. उल्हासनं तिला फोन लावला.

"नंदा, विमान कुठंय?"

"मला काय विचारतोस? इथे हॉलचा एसी बंद पडलाय, लोक नुसते उकडून निघतायत. आन्याला व्हॉइसमेल टाकला, गॅरेजमधले दोन मोठे पंखे घेऊन ये म्हणून. दाराचा कोडपण दिला. अजून पत्ता नाही तिचा... थांब, आली वाटतं. अगं बाई!"

त्या 'अगं बाई'तच उल्हास काय ते समजला. तो हॉलवर पोचला तेव्हा विमान गणपतीशेजारी उभं होतं आणि दोन्ही पंखांवर झेंडूच्या माळा चढल्या होत्या.

आन्या म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीची, चारुदत्तची मुलगी. इथेच जन्मलेली, कॉलेजात शिकणारी, आणि हल्ली हौसेनं दर रविवारी मराठीच्या वर्गाला जाणारी. ती रडकुंडीला आली होती.

"बट काकू, यू सेड पंखे! वन पंख, टू पंखे. प्लुरल! आय थॉट डेकोरेशनला हवेत. आम्ही ट्रक रेंट केला!"

पोरीचं व्याकरण चुकलं होतं, पण भाव खरा होता. वर्गात पक्षी शिकवून झाले होते, घरातल्या वस्तू अजून यायच्या होत्या. उल्हासला तिच्यावर रागावताही येईना. तो मुकाट्यानं माळा उतरवू लागला. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष राजारामकाका रेशमी कुडत्यात घामानं निथळत पुढे आले.

"उल्हास, याचा वारा येतो का रे?"

"काका, हे विमान आहे!"

"हो रे बाबा, विमान आहे. पण वारा येतो का?"

उल्हासचा अपमान झाला आणि अपमानाच्या भरात तो सीटवर चढला. पंख फडफडले. हॉलभर अशी झुळूक गेली की मागच्या रांगेतली माणसं खुर्च्या उचलून पुढे आली. "अहाहा! येऊ दे अजून!" राजारामकाका डोळे मिटून म्हणाले. दोन वर्षांत त्या यंत्राचं कोणी पहिल्यांदाच कौतुक करत होतं. उल्हासला चेव चढला. त्यानं जीव खाऊन पॅडल मारलं.

आरतीची निरांजनं विझली. आरतीची पुस्तकं छताकडे निघाली. रांगोळी उठली ती थेट अध्यक्षांच्या कुडत्यावर बसली. नंदाच्या हातातलं पेढ्यांचं तबक उलटलं, आणि पाठोपाठ चेन तुटून विमान दाणकन आदळलं. डावा पंख मधोमध मोडला.

नंतर निरांजनं पुन्हा लागली, आरती झाली, लोक हसले, राजारामकाकांनी तर पुढच्या वर्षासाठी 'ते पंखे' आत्ताच बुक करून टाकले. उल्हास मात्र मोडक्या पंखाचे तुकडे गोळा करत बसला. परतताना गाडीत तो कसाबसा म्हणाला, "सोमवारची वाट नको बघायला. उद्याच गॅरेज रिकामं करतो."

नंदा बराच वेळ गाडी चालवत राहिली. मग लाल सिग्नलला थांबल्यावर तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढून त्याच्या हातावर ठेवली. आत एक पेढा होता.

"खाऊ नकोस, बघ. मी खाली वाकून पेढे गोळा करत होते. हा घरंगळत तुझ्या विमानाच्या चाकाखाली अलीकडून गेला आणि पलीकडून बाहेर आला. कुठे चेपलाय का?"

उल्हासनं पेढा उलटापालटा करून पाहिला. पेढा अख्खा होता. त्यानं त्याच्या कडेला बोटं लावून उंची मोजली. दोन बोटं भरली.

स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात तो कसा, हे त्याला त्या सिग्नलला कळलं. त्याचे डोळे भरून आले.

"तू बोलली नसतीस तर गॅरेज तुझं झालं असतं," तो म्हणाला.

"माहितीय. म्हणून तर इतका वेळ गप्प होते." सिग्नल हिरवा झाला. "आणि ऐक, या वर्षी माझ्या काचेवरचा बर्फ तू खरवडायचास. वायपरवाला ना तू?"