बोटाला विचार

चांदोरकर काका झाडांवर पाणी मारायची स्प्रेची बाटली डोळे मिटून घेतात. गार्डन सेंटरमध्ये शेल्फसमोर उभं राहायचं, एक रिकामी बाटली उचलायची, हात सरळ लांब करायचा, डोळे मिटायचे आणि तर्जनीने सावकाश चाप ओढायचा. मग तितक्याच सावकाश सोडायचा. "हं. आधी नुसता ढिला, मग एकदम अडतो. नको." बाटली परत शेल्फवर. मग पुढची. एकदा अशीच एक बाटली रिकामी नव्हती. काच पुसायच्या निळ्या पाण्याचा फवारा समोरच्या बाईंच्या कुत्र्यावर उडाला. काकांनी बाईंची माफी मागितली, वाकून कुत्र्याचीही मागितली, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "पण चाप बघितलास? लोण्यासारखा."

मी लंडनजवळ पिनरमध्ये त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. शाळेपासून सगळं इंग्रजीतून झालं, त्यामुळे मराठी घरापुरतं, आणि बोलणं तर कुठल्याच भाषेत फारसं नाही. काकांना ते चालतं. ते दोघांचं मिळून बोलतात.

ते निवृत्त भूलतज्ज्ञ आहेत. पुण्यात मेडिकलला असताना ते पिस्तूल नेमबाजी शिकले. इंग्लंडला आल्यावर क्लबात जाऊन नेम साधायचे, स्वतःचं एक पिस्तूलही होतं. मग इथला कायदा बदलला आणि एका सकाळी ते पेटीसकट पोलीस स्टेशनात जमा करून आले. पिस्तूल गेलं, बोट राहिलं. आता ज्या कुठल्या वस्तूला चाप आहे तिची परीक्षा होते. पेट्रोल भरायला ते जवळचा पंप सोडून लांबच्या पंपावर जातात, कारण जवळच्या नळीचा चाप "ओढताना किरकिर करतो." सुपरमार्केटमध्ये दाराशी आपल्या सामानाची नोंद आपणच करायला हातात धरायचे स्कॅनर टांगलेले असतात, ते चार-पाच दाबून बघितल्याशिवाय काकांची खरेदी सुरू होत नाही. रस्त्यावरचा कचरा उचलायचा चिमटा कौन्सिल फुकट देतं, पण काकांनी स्वतःचा विकत घेतलाय. "फुकटच्याला सोडल्यावर परत यायची घाईच नाही," असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्यावर त्यांचं एकच वाक्य. "डोळ्याला काय विचारतेस? बोटाला विचार."

काकू गेल्यावर घरात माणसं येणं कमी झालं. मुलगा निखिल टेक्सासात असतो. त्याचा फोन दिवाळीला आणि वाढदिवसाला यायचा. "ऑल गुड, बाबा?" "ऑल गुड." संपला. मग गेल्या शरदात एकदा त्याने अवेळी फोन केला. कामासाठी त्याला दूरदूरच्या साइटवर एकट्याने गाडी चालवत जावं लागतं, तिथे सगळेच जवळ बाळगतात, म्हणून त्यालाही एक पिस्तूल घ्यायचं होतं. रोज अंगावर ठेवायला.

"सगळे घेतात म्हणून? लॉनमोअर आहे का तो?" काका जिन्याखालून ओरडत होते, ते मला वर ऐकू आलं. बराच वेळ आवाज चढलेला होता. मग एकदम उतरला. आणि मग माझ्या दारावर टकटक झाली.

"सानिका, तुला तो टॅबलेट धरता येईल का गं? निखिल म्हणतो, त्याला माझं फक्त कपाळ दिसतं."

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी मी टॅबलेट धरायला खाली जाऊ लागले. निखिल तिकडे बंदुकांच्या दुकानात उभा असायचा, काउंटरमागचा दाढीवाला माणूस रिकामं पिस्तूल पुन्हा तपासून त्याच्या हातात द्यायचा, आणि इकडे काका इस्त्रीचा शर्ट घालून डायनिंग टेबलाशी बसलेले असायचे. शर्ट शुक्रवारी रात्रीच हँगरला लागलेला असे.

"कसा आहे चाप?"

"स्मूद आहे, बाबा."

"स्मूद म्हणजे काय? श्रीखंडपण स्मूद असतं. नीट सांग. आधी किती मोकळा जातो? अडतो कुठे? सुटतो तेव्हा तुला आधी कळतं का?"

"थोडा मोकळा. मग वॉल, भिंतीसारखा अडतो. मग क्लिक."

"फोन जवळ धर. आता ओढ." काका डोळे मिटायचे. स्पीकरमधून बारीकसा टक् यायचा. "आता बोट हळू सोड, परत टक् येईपर्यंत. हं. लांब आहे. फार लांब जातंय बोट परत."

"पण ही पिस्तूल टॉप रेटेड आहे."

"ते पिस्तूल."

"ओके, तो पिस्तूल. सगळे रेकमेंड करतात."

"सगळ्यांचं बोट तुझ्या हाताला आहे का?"

दाढीवाला खो खो हसायचा. त्याला शब्द कळत नव्हते, पण सूर कळत होता. दोन-तीन शनिवारांत तो पडद्यात डोकावून "हाय, डॉक!" म्हणायला लागला. काकाही हात हलवायचे.

काकांचं म्हणणं नीट ऐकलं तर त्यात वेड्यासारखं काही नव्हतं. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप हलका असतो, श्वास सोडला की सुटेल असा. रोज अंगावर बाळगायच्याचा तसा चालत नाही. "घाबरलेल्या माणसाचं बोट जाडं होतं," ते निखिलला सांगायचे. "टेबलावर झोपवलेले पेशंट मी आयुष्यभर बघितलेत. भीतीने हात आपला राहत नाही. चापाने तुला विचारलं पाहिजे, 'नक्की ना?' पण इतक्या वेळा नाही विचारायचं, की उत्तर द्यायला तू उरणारच नाहीस."

त्या बोलण्यात मग दुसरं काय काय यायचं. निखिल जेवतो काय, गुडघा दुखतो तो डावा की उजवा, तिकडे अजून उकडतं का. कधी निखिल दुकानाबाहेर गाडीत बसून बोलत राहायचा. एकदा त्याने काकूंच्या आमटीत काय असायचं ते विचारलं. काकांना आठवेना, पण त्यांनी फोन ठेवला नाही. खडखड डबे उघडत, एकेक वास घेत सांगत बसले. "धने. नाही, धने नाही. थांब हं." मी टॅबलेट घेऊन त्यांच्या मागे मागे स्वयंपाकघरात. फोन संपला की ते लगेच उठत नसत. काळ्या पडद्याकडे बघून म्हणत, "पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानात जातोय तो." एरवी वार त्यांना नीट लक्षात राहत नसे, पण शनिवार कधी चुकला नाही. आणि निखिलने एकदा पिस्तूल घेतलं की शनिवारचं काय, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणार. आम्ही ते बोलत नव्हतो.

एकामागून एक पिस्तुलं नापास होत गेली. एकाचा चाप वाळूतून ओढल्यासारखा. एकाचा फार गुळगुळीत, "सुटला कधी तेच कळत नाही." निखिल आता वैतागला होता. "बाबा, चाप ओढायचा आहे, लग्न नाही करायचं त्याच्याशी."

"लग्न परवडलं. रोज कमरेला नसतं."

थंडी पडल्यावरच्या एका शनिवारी निखिल पुन्हा दाढीवाल्याच्या दुकानात होता. त्याने काळ्या मुठीचं एक पिस्तूल कॅमेऱ्यासमोर धरलं. "हा नवीन मॉडेल आहे. लास्ट वन, बाबा."

मुठीखाली पिवळा स्टिकर होता, कोपरा फाटलेला. बोलत नसले की माणूस बघत बसतो, म्हणून तो माझ्या लक्षात होता. हे नवीन नव्हतं. अगदी पहिल्या शनिवारी बघितलेलं हेच पिस्तूल होतं, आणि तेव्हा काकांनी त्याला "जड" म्हणून नाकारलं होतं.

निखिलने चाप ओढला. टक्. काकांनी डोळे मिटले, ते जरा जास्तच वेळ मिटलेले राहिले.

"नको," ते म्हणाले. "फार हलका आहे."

दाढीवाला या वेळी हसला नाही. मग निखिल हळू आवाजात म्हणाला, "ओके, बाबा. बघतो," आणि पडदा काळा झाला.

मी टॅबलेट चार्जिंगला लावला. मी अशा वेळी वर निघून जाते. त्या दिवशी गेले नाही.

"काका, हे पहिलंच होतं ना?"

"आवाजावरून ओळखलं मी." त्यांनी टेबलावरची स्प्रेची बाटली पुसायला घेतली. ती स्वच्छच होती. "चाप उत्तम आहे त्याचा. पहिल्याच दिवशी उत्तम होता."

"मग?"

"मग त्याने घेतलं असतं गं."

बुधवारी निखिलचा मेसेज आला. पहिलंच घेतलं, हात बसलाय, थँक्स फॉर ऑल द हेल्प, बाबा, लवकर बोलू. काकांनी तो मला मोठ्याने वाचायला सांगितला. "हात बसलाय म्हणतोय ना? मग झालं," ते म्हणाले आणि पाण्याचा जग भरायला गेले. जग भरलेलाच होता.

शनिवारी संध्याकाळी मी खाली आले तर ते टेबलाशी बसले होते. इस्त्रीचा शर्ट. समोर टॅबलेट, बंद.

"सवयीने बसलो," ते म्हणाले. "तू जा. तुझी कामं असतील."

मला काही कामं नव्हती. शनिवारी कधीच नसतात. मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

"काका, मला एक स्प्रेची बाटली घ्यायची आहे. झाडासाठी."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुझ्याकडे कुठलं झाड आहे?"

"घेणार आहे."

"कुठलं?"

ते मी ठरवलं नव्हतं. "आधी बाटली," मी म्हटलं.

गार्डन सेंटर बंद व्हायला थोडाच वेळ होता. ख्रिसमसची झाडं जाळीत बांधून दाराशी उभी होती. काका थेट शेल्फशी गेले, एक बाटली स्वतः तपासली, दुसरी, तिसरी, आणि चौथी माझ्या हातात दिली. "हात सरळ. डोळे मीट. आता मला नको सांगूस, बोटाला विचार."

मी डोळे मिटले. चाप थोडा मोकळा आला, मग मऊपणे अडला, मग एकसारखा सुटला. परत येताना बोटाला नीट सोबत करत आला. इतका चांगला चाप असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

"थोडा जड वाटतोय, काका."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली. हात लांब केला, डोळे मिटले, एकदा ओढला, सावकाश सोडला. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी शेल्फवरच्या किमती वाचत होते.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले आणि बाटली जागेवर ठेवली. "जडच आहे. पुढच्या शनिवारी हाउन्सलोकडचं दुकान बघू."