गोगलगायी, अहिंसक पद्धतीनं

दीप्ती कंपनीच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला निघाली तेव्हा दारातून नवऱ्याला एकच गोष्ट सांगून गेली. "माझी टँक जशीच्या तशी दिसली, तं कुत्रा आणू."

रोशनला लग्नाआधीपासून कुत्रा हवा होता. दीप्तीचं म्हणणं, ज्याच्या हातून मनीप्लांट वाळतो त्याच्या हाती शेपटीवालं काही देऊ नये. त्यामुळे हॉलमधली ती माशांची टँक म्हणजे रोशनची बोर्डाची परीक्षाच होती.

सुरुवातीलाच तो एका झाडात नापास झाला. आधी एक पान पिवळं पडलं, मग अख्खं झाड. पुरावा मिटवायला त्यानं ताराचंदच्या अॅक्वेरियमच्या दुकानातून तसंच दुसरं झाड आणलं. नवं झाड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायचं, मगच टँकमध्ये लावायचं, हे दीप्तीनं त्याला शंभरदा सांगितलं होतं. रोशननं ते नळाखाली धुतलं. पालक आपण तसाच तर धुतो.

थोड्याच दिवसांत काचेवर त्या झाडासोबत आलेल्या गोगलगायी फिरू लागल्या. पानांखाली जेलीचे ठिपके आणि ठिपक्यांत खसखशीएवढी अंडी. रोशननं बालदीत तुरटी विरघळवली, झाड उपटलं आणि मागे वळला, तर आई उभी. अंजनाबाई.

"काय करून राहिला गा?"

"गोगलगायी मारून राहिलो."

"सकाळी बुद्धवंदनेत काय म्हटलं तू? जीवहिंसा करणार नाही. अजून अगरबत्ती विझली नाही तुही!"

"आई, रविवारी तं आपण मटन खाल्लं."

"तो बकरा आपल्या घरी जन्मला होता का?"

रोशननं तुरटीचं पाणी मोरीत ओतलं. "मग गच्चीवर सोडून येऊ?"

"मे महिन्यात? त्यापेक्षा मारूनच टाक ना सरळ."

"मारू?"

"खबरदार!"

निदान अंडी तरी पुसून काढावीत म्हणून त्यानं कापूस घेतला, तर आईनं तोही हिसकावला. "आत लेकरं आहेत."

ताराचंदनं मात्र इलाज चुटकीसरशी सांगितला. "बोटिया घेऊन जा भाऊ. पट्टेवाला मासा. स्नेल दिसला की चोखून टाकते."

रोशननं प्रकरण आईपुढे मांडलं. अंजनाबाईंनी बराच विचार केला. "माशानं खाल्लं तं खाऊ दे. त्यानं थोडीच पंचशील घेतलं आहे."

बोटिया आला. अंजनाबाई चहा पीत असताना त्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत एका गोगलगायीला शंखातून ओढून काढलं. अंजनाबाईंनी बशी खाली ठेवली.

"उपाशी आहे गा हे बापडं," त्या कळवळून म्हणाल्या. "उपाशी जीव दुसरं काय करणार?"

त्या दिवसापासून बोटियाला सकाळी उकडलेले मटार, दुपारी मऊ भात आणि संध्याकाळी पोळीचा चुरा मिळू लागला. खाऊन झालं की तो दगडाआड एका कुशीवर लवंडायचा. उरलंसुरलं गोगलगायींच्या वाट्याला जायचं. त्यांनाही घर मानवलं.

"आई, त्याले खाऊ नको घालू! त्यानं गोगलगायी खाल्ल्या पाहिजे!"

"पोट भरल्यावर तुले तरी मटन खावंसं वाटते का?"

रोशनला वाटायचं.

दीप्ती परत आली तेव्हा टँकची काच दिसत नव्हती. तिनं खांद्यावरची बॅगही उतरवली नाही.

"रोशन. हे काय आहे?"

रोशननं तोंड उघडलं, पण अंजनाबाई आधी बोलल्या. "पोरानं एक जीव वाया जाऊ दिला नाही दीप्ती. तू सोडून गेली होती, त्याच्याहून जास्तच भरतील."

"म्हणजे कुत्रा..." रोशननं हळूच विचारलं.

दीप्तीनं त्याच्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, मग बाह्या सरसावल्या. संध्याकाळपर्यंत ती काचेवरून, पानांवरून, फिल्टरच्या नळीतून गोगलगायी वेचत होती. अंड्यांची पानंसुद्धा तिनं कापून बालदीतल्या पाण्यात ठेवली. अंजनाबाई जवळच बसून देखरेख करत होत्या. त्यांची काहीही हरकत निघाली नाही. शेवटी तिनं ती बालदी रोशनच्या हातात दिली.

"तुले जीव सांभाळता येते, हे मान्य. आता हे सांभाळ. यांचं झालं की कुत्रा."

"हे जगतात किती दिवस?"

"कमीच. पण लेकरं होत राहतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशन बालदी घेऊन बिल्डिंगच्या आवारात फेऱ्या मारत होता. तळमजल्यावरच्या शोभाताई दूध घेऊन येत होत्या, त्या थबकल्या.

"काय गा रोशन, बालदी घेऊन कुठं?"

"कुठं नाही. यांना फिरवून राहिलो."

शोभाताईंनी आत डोकावून पाहिलं आणि त्या पटकन दोन पावलं मागे सरकल्या.

"चावते का?"

रोशननं बालदीत पाहिलं.

"नव्या माणसाचा आधी वास घेऊ द्या लागते," तो म्हणाला. "हात खाली धरा."