बांधापासून दोन हात

दामूआप्पांचा ट्रॅक्टर सांगितला, की आधी सुतळी यायची. ट्रॅक्टर कडेला फुरफुरत उभा, आपण घाईला आलेलो, आणि आप्पा तुराट्या रोवत, सुतळी ताणत निवांत चाललेले. शेजाऱ्याच्या बांधापासून मोजून दोन हात आत. त्या सुतळीपलीकडे त्यांचा नांगर जात नसे, रोटर जात नसे, माती ओढायची केणी तर नाहीच नाही.

आता आमच्या केडगाव भागात माणूस ट्रॅक्टर कशाला सांगतो? रान सपाट व्हावं म्हणून, हे झालं अर्धं. उरलेलं अर्धं म्हणजे जाता जाता शेजाऱ्याचा बांध थोडा कोरून व्हावा. बैलांनी हे काम बोटभर होतं, ट्रॅक्टरनं वीतभर. एकदा एका माळकरी गृहस्थांनी आप्पांना हळूच सुचवलं, जरा कडेनं घ्या. आप्पांनी केणी उचलली आणि अर्धं रान उंचसखल टाकून घरचा रस्ता धरला. जाताना म्हणाले, "जमीन सपाट करून देईन. शेजार न्हाई."

लोक त्यांना येडा म्हणत. मीही म्हणायचो, कारण सुतळीपलीकडे सुटलेली माझीही कड दरसाल कुदळीनं खणावी लागे.

या येडाचं मूळ वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टर नवा घेतला त्या साली हौसेच्या भरात आप्पांनी थोरल्या भावाचा, तात्यांचा, बांध हातभर कोरला. तात्या भांडले नाहीत. भांडले असते तर परवडलं असतं. त्यांनी बोलणंच टाकलं. आप्पांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या रानातली माती ओढून बांध होता त्याहून रुंद घातला. तरी तात्या बोलले नाहीत. याला नऊ वर्षं झाली. तात्यांनी एकदा 'दामू' म्हणून हाक मारावी, यापलीकडे आप्पांना काही नको होतं.

या नऊ वर्षांत दोघांचा निरोप्या मी. माझं घर दोघांच्या मधे, एवढाच माझा गुन्हा. पाच पावलांवर उभे राहून दोघं माझ्या तोंडानं बोलत. आप्पा म्हणत, त्यांना सांग, म्हैस सुटलीय. मी वळून तात्यांना सांगेपर्यंत तात्या म्हैस धरून आलेले असत.

त्या साली तात्यांना उसाचा खोडवा मोडायचा होता. पाटाचं पाणी चार दिवसांवर आलेलं, आणि त्यांचा नेहमीचा शिरूरचा ट्रॅक्टर काही येईना. आप्पा दोन दिवस ओट्यावर बसून भावाच्या रानाकडे बघत राहिले. बोलावल्याशिवाय कुणाच्या रानात चाक घालायचं नाही, हाही त्यांचाच नियम. आप्पांच्या घरातल्या वहिनी म्हणाल्या, जेवणसुद्धा जात नाही त्यांना.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या माझ्या दारात आले आणि आढ्याकडे बघत म्हणाले, "त्याला म्हणावं, वाट मोकळी हाय."

मी चपला पायात घालतोय तोवर पलीकडे ट्रॅक्टर चालू झालासुद्धा. अरे, मग मला कशाला नाचवता?

आप्पांनी आधी पल्टी नांगर घातला, मग रोटर, मग केणी. सुतळी घरीच राहिली, कारण शेजारी ते स्वतःच. तात्या दिवसभर बांधावर बसून होते. दिवस कलला तेव्हा रान ताटासारखं झालं होतं. आप्पा ट्रॅक्टर बंद करून उतरले आणि उगाच चाकाशी खाली बसले.

तात्या उठले, धोतर झटकलं, घराकडे तोंड करून म्हणाले, "दामू, हातपाय धू. जेवाय ये." आणि मागं न बघता चालू लागले.

आप्पा चाकाकडे बघत म्हणाले, "तात्या काय म्हणले रं?"

मी सांगितलं. त्यांनी एक घट्टच असलेला नट आवळला.

"काय म्हणले?"

ट्रॅक्टरवर बसून म्हाताऱ्याचे कान गेले, असं म्हणत मी चिडून, ओरडून सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा कुठं मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. रानात पानाचासुद्धा आवाज नव्हता. पहिल्याच वेळी त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

मी त्यांच्याशेजारी मातीत बसलो आणि परत सांगितलं. सावकाश, 'दामू'पासून.